खोडरबरात खोचलेले पंख

गेल्या वर्षी आषाढ लागला आणि पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडल्याच्या बातम्या नेहमीप्रमाणे सुरू झाल्या, त्याच आठवड्यात मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी, सौ.च्या शिवणयंत्राला लागून असलेल्या टेबलावर, एक लढाऊ विमान बांधायला घेतले. विमान कागदाचे होते. पूर्ण झाल्यावर पंख पसरून पस्तीस सेंटिमीटर भरणार होते आणि त्याला लागणारे सगळे साहित्य एका पिशवीत मावत होते. तरीही ते काम पावसाळा संपून नवरात्र आले तरी टेबलावरच होते. तीस वर्षे शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून काढलेल्या माणसाला एक कागदी विमान तीन महिने का लागावे, असा प्रश्न घरात अनेकांनी विचारला. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की त्यातला दीड महिना मी फक्त त्याच्या पंखांकडे बघत बसलो होतो.

पॅटर्नमेकर म्हणजे काय, हे कोल्हापुरात सहसा सांगावे लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. फौंड्रीत लोखंडाचा रस ओतण्याआधी वाळूत जो साचा करतात, त्या साच्यात नेमका आकार उमटवण्यासाठी त्या वस्तूची एक लाकडी प्रतिकृती आधी घडवावी लागते. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. सागवानाचे पंपाचे कवच, सागवानाची पुली, सागवानाचा गिअरबॉक्स असे मी आयुष्यभर करत आलो. म्हणजे खऱ्या वस्तूआधीची खोटी वस्तू करणे हाच माझा धंदा होता. निवृत्तीनंतर खऱ्या वस्तूच्या नंतरची खोटी वस्तू करून बघावी, असे वाटले.

निवडलेले विमान होते ग्रुमन कंपनीचे एफ४एफ-४ वाइल्डकॅट. दुसऱ्या महायुद्धात, विशेषतः १९४२ या वर्षात, अमेरिकेच्या विमानवाहू नौकांवरून प्रशांत महासागरात लढलेले मुख्य लढाऊ विमान हेच. दिसायला अजिबात देखणे नाही. पुढे चौदा सिलिंडरांचे गोल इंजिन, त्यामागे पिंपासारखे फुगीर अंग, मधोमध बसवलेले चौकोनी टोकांचे पंख, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना आत शिरणारी अरुंद चाके, ज्यामुळे जमिनीवर उभे असताना ते पाय जुळवून उभ्या राहिलेल्या जाड्या माणसासारखे दिसते. त्याचा जपानी प्रतिस्पर्धी झीरो हा त्याच्यापेक्षा हलका, चढायला चपळ, वळायला कितीतरी चलाख आणि निःसंशय सुंदर. मात्र झीरोच्या वैमानिकामागे चिलखती पत्रा नव्हता आणि त्याच्या इंधनटाक्या गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या नव्हत्या. वाइल्डकॅटला हे दोन्ही होते, आणि त्याचे वजन त्याला जन्मभर वाहावे लागले. मी लोखंडाच्या गावचा असल्यामुळे असेल, पण माझा कल जड बाजूकडे झुकला.

कागदी प्रतिकृतींचा आज जगभर जो पसारा दिसतो, त्याची एक मोठी परंपरा पोलंडची आहे. तिथे १९५७ पासून ‘मावी मोडेलाश’, म्हणजे साधारण ‘छोटा मॉडेलकार’, या नावाचे नियतकालिक निघत आले आहे. त्याच्या छापील पानांतून कात्रीने विमाने, जहाजे, रणगाडे कापून काढायचे. कागदी विमानांसाठी रूढ झालेले एकास तेहेतीस हे प्रमाणही तिकडचेच. माझ्या पुतण्याने मिळवून दिलेल्या फाइलमधल्या सूचना पोलिश भाषेत होत्या. त्यातला ‘सामोलोत’ हा शब्द मला फार आवडला. त्याचा अर्थ विमान, आणि फोड केली तर ‘आपोआप उडणारे’.

पोलिश शब्द आणि कोल्हापूर हे नाते ऐकून नव्या पिढीला नवल वाटेल, पण जुन्या माणसांना वाटणार नाही. ज्या युद्धात हे विमान लढत होते, त्याच युद्धात रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेले आणि पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यात बहुतेक बायका आणि मुले, आपल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहत होते. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले आणि त्याचे गांधीनगर झाले, कापडाची पेठ झाली. माझ्या विमानाचा सांगाडा याच गांधीनगरातल्या पुठ्ठ्याचा आहे. कापडाच्या ताग्यात घालायचा एक मिलीमीटर जाडीचा करडा, घट्ट पुठ्ठा दुकानदार टाकून देतात. मागितला तर हसून देतात. शर्टाच्या कॉलरखाली असते ती पारदर्शक पट्टी वैमानिकाच्या काचेसाठी उपयोगी पडली. पोलिश नकाशा, वळिवड्याचा पुठ्ठा आणि अमेरिकी विमान, हे सगळे मी जुळवून आणलेले नाही. ते माझ्या टेबलावर आपोआप जमले, सामोलोतसारखे.

आता पहिली फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे खोटेपणाचे होईल. सांगाड्याची पाने मी घरच्या प्रिंटरवर काढली आणि रंगीत कवचाची पाने, रंग नीट यावेत म्हणून, एका दुकानातून १६० जीएसएमच्या कागदावर छापून आणली. तिथल्या संगणकात पान कागदाच्या मापात बसवण्याची खूण तशीच राहिली होती आणि मीही ती बघितली नाही. परिणाम असा की सगळे कवच शेकडा तीनने आकसून छापले गेले. विमानाच्या अंगाला आतून आधार देणाऱ्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर, म्हणजे आडभिंतीवर, ते दीड मिलीमीटर कमी पडू लागले. पहिल्या दिवशी मी पुठ्ठा घासला. दुसऱ्या दिवशी आणखी घासला. तिसऱ्या दिवशी, सातवी चकती कानसताना, मला एकदम थांबावेसे वाटले आणि मी पट्टी काढून पानावरची मोजमापाची रेघ मोजली. शंभर मिलीमीटरची रेघ सत्त्याण्णव भरत होती.

याचा सल दुसऱ्या कुणापेक्षा मला जास्त का असावा, हे उद्यमनगरातले लोक ओळखतील. ओतलेले लोखंड थिजताना आकसते. मीटरमागे सुमारे दहा मिलीमीटर. पोलादाचे साधारण त्याच्या दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढ्याने मोठा करावा लागतो आणि त्यासाठी आमच्याकडे खास पट्ट्या असतात, ज्यांच्यावरचा सेंटिमीटर मुळातच किंचित लांब असतो. या श्रिंकेजवर मी पोट भरले. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच विचारायचो, की बाबा रे, हातातली पट्टी कुठली आहे ते आधी बघितलेस का? आणि तोच मी छापील कागद खरा मानून, तीन दिवस खऱ्या मापाचा पुठ्ठा खोटा ठरवत बसलो होतो. पाने पुन्हा छापली. दुकानदाराला काही बोललो नाही. बोलण्यासारखे तोंडच नव्हते.

दुसरी अडचण मापाची नव्हती, स्वभावाची होती. लाकूड कुठल्याही दिशेला गोल करता येते, रंधा आणि पटाशी चालवत राहिले की झाले. तांबट पत्र्याला ठोकून ठोकून घागरीचे पोट काढतो, कारण पत्रा ताणला जातो. कागद ताणला जात नाही. तो एका वेळी एकाच दिशेला वाकतो: त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. आणि वाइल्डकॅटचे अंग म्हणजे जवळजवळ चेंडूच्या कुळातले. म्हणून कागदी प्रतिकृतीत त्या अंगाचे आठ-दहा आडवे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे टोक छाटलेला शंकू, आणि एकापुढे एक जोडत गेले की डोळ्याला गोलाईचा भास होतो. इंजिनापुढच्या झाकणाच्या ओठाशी मात्र हा भास पुरत नाही. तिथे कागद दोन्ही दिशांना वळायलाच हवा, आणि त्यासाठी नकाशात पाकळ्या दिलेल्या असतात, ज्या कापून एकमेकींशी भिडवायच्या. त्या पाकळ्यांनी मला आठवडाभर रडवले. भिडवल्या की टोके उचलायची, दाबल्या की सुरकुती पडायची.

सौ. ब्लाऊज शिवते, चाळीस वर्षे शिवते आहे. मशीन थांबवून तिने तो तुकडा हातात घेतला, बोटावर फिरवला आणि म्हणाली, “अहो, तुमचं ते दाबून बसवणं लाकडात चालतंय. टक घेतल्याशिवाय गोलाई कुठनं येणार? आणि टक म्हणजे नुसती कापायची न्हवं, आधी कापडाला वळण द्यायचं.” मग तिने विणकामाची जाड सुई घेतली, पाकळी तळहातावर ठेवली आणि सुईच्या बोथट टोकाने आतून हळूहळू घासली. कागद पळीसारखा आत वळला. ताणला गेला नव्हता. त्याचे तंतू फक्त नरम पडून एका बाजूला झुकले होते. तशा वळवलेल्या बारा पाकळ्या मागून पातळ पट्टी लावून जोडल्या तेव्हा शिवण दिसत होती, पण गोलाई खरी होती. मला आजवर ब्लाऊज हे शिलाईचे काम वाटत होते. ते भूमितीचे काम आहे, आणि माझ्या घरात इतकी वर्षे चालू असून मी ते कधी नीट बघितले नव्हते, याची थोडी लाज वाटली.

इंजिनाचे सिलिंडर तिच्याच काळ्या दोऱ्याचे केले. कागदाची बारीक नळी करून तिच्यावर दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळला की हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पापुद्र्यांसारखे दिसते. खऱ्या इंजिनात सात-सातच्या दोन रांगा, बाराशे अश्वशक्ती. माझ्या इंजिनात पुढचे सात नीट आणि मागचे सात असे-तसे, कारण झाकणाआड ते कुणाला दिसणार नव्हते. पॅटर्नशॉपमध्ये ही चालबाजी मी कुणाला करू दिली नसती.

चाकांच्या यंत्रणेविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. वाइल्डकॅटची चाके आत घ्यायला पंप किंवा मोटर नव्हती. वैमानिकाच्या उजव्या गुडघ्याजवळ एक हातचाकी होती. तिचे जवळजवळ तीस फेरे मारले की साखळीने ओढली जाऊन चाके पोटात शिरत. नौकेवरून उड्डाण झाले रे झाले, की वैमानिकाने डाव्या हातात दांडा धरायचा आणि उजव्या हाताने रहाट ओढल्यासारखी ही चाकी फिरवायची. त्यामुळे नुकतीच उडालेली विमाने डुलत डुलत वर चढताना दिसत. ती चाकी मी तांब्याच्या तारेची केली, लांबी चार मिलीमीटर. हाताने फिरवायच्या शिवणयंत्राची मूठ जशी असते, अगदी तशी. आता ती आत बसली आहे आणि टॉर्च लावून वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

पावसाने दिलेला त्रास थोडक्यात सांगतो. श्रावणात आमच्या घरात मीठ सुद्धा पाझरते, तिथे कागदाचे काय. रात्री सरळ ठेवलेला पंख सकाळी पापडासारखा वळलेला असे. फेव्हिकॉल मी सुरुवातीला सढळ हाताने लावत होतो, त्यातले पाणी कागद पितो आणि फुगतो. पुढे टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच घ्यायला शिकलो. तयार भाग तांदळाच्या डब्यात ठेवले. एकदा भात करताना त्यातून शेपटीचे एक पान निघाले, त्यावर घरात बरेच दिवस विनोद चालले.

रंगाची एक गोष्ट मला विशेष वाटते. नकाशातल्या विमानावर अमेरिकेचे जे चिन्ह होते, त्यात पांढऱ्या चांदणीच्या मधोमध तांबडा ठिपका होता आणि शेपटीच्या सुकाणूवर तांबडे-पांढरे आडवे पट्टे. मला जून १९४२ मधले विमान करायचे होते, आणि त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, अमेरिकेने तो ठिपका आणि ते पट्टे दोन्ही पुसून टाकले होते. कारण साधे होते. जपानी विमानांवर तांबडा गोल होता, आणि आकाशात क्षणभर दिसलेल्या तांबड्या रंगावर आपलेच तोफची आपल्याच विमानावर गोळ्या झाडत. मी बारीक ब्रशने सगळ्या चांदण्यांतले ठिपके पांढरे केले. पांढऱ्याखालून तांबडा रंग किंचित गुलाबी झाक मारत राहिला. दुसरा हात द्यायला घेतला, पण मग राहू दिला. नौकेवरच्या खलाशांनी घाईत ब्रश मारला तेव्हाही बहुधा असेच काहीसे दिसले असेल.

आणि आता पंख, ज्यांच्यापायी दीड महिना गेला.

विमानवाहू नौकेवर सर्वात महाग वस्तू म्हणजे जागा. वाइल्डकॅटचे पंख ३८ फूट पसरतात, आणि आधीच्या एफ४एफ-३ या आवृत्तीत ते दुमडत नव्हते. दुमडायचे म्हटले तर पहिला सुचणारा मार्ग म्हणजे बिजागरी लावून वर उभे करणे. पण मग नौकेच्या पोटातल्या हँगरचे, म्हणजे विमाने ठेवायच्या दालनाचे, छत आडवे येते. पुढे कोर्सेअर या विमानाचे पंख असे वर दुमडत, आणि ते आपल्या नौकांच्या छताखाली मावावेत म्हणून ब्रिटिशांना त्याच्या पंखांची टोके आठ-आठ इंच छाटावी लागली. झीरोची तर फक्त टोकेच, अर्धा-अर्धा मीटर, वर दुमडत, तीही नौकेच्या लिफ्टमध्ये मावावे एवढ्यापुरती. दुसरा मार्ग म्हणजे पंख तसाच आडवा मागे फिरवणे. पण तो शेपटीच्या आडव्या पंखांवर जाऊन बसतो. ग्रुमनच्या विमानात पंख उभा होतो आणि मागेही जातो. घरट्यात बसलेल्या पक्ष्यासारखा तो अंगालगत, काठावर उभा राहतो: पुढची कड खाली जमिनीकडे, वरची बाजू बाहेर. ३८ फुटांचे विमान साडेचौदा फुटांच्या आत येते. नौकेवरच्या लढाऊ तुकडीत आधी १८ विमाने असत, जून १९४२ मधल्या, प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईच्या सुमारास ती २७ झाली, त्यात या दुमडण्याचा मोठा वाटा.

हे वाचून कळते. करायला घेतले की कळत नाही. नकाशात शेवटची स्थिती काढून दाखवली होती. तिथवर पंख जातो कसा, ते दाखवले नव्हते. सरळ त्या स्थितीत चिकटवून टाकता आले असते, पण मला तो फिरताना बघायचा होता. मी कागदाची बिजागरी केली, पंख वर गेला. बिजागरी आडवी केली, पंख मागे गेला. दोन बिजागऱ्या लावल्या, पंख लोंबकळू लागला. कागदावर त्रिमिती आकृती काढल्या, तीस वर्षांचे ड्रॉइंग वाचन पणाला लावले, आणि रोज संध्याकाळी तो उजवा पंख हातात घेऊन मी हवेत असा फिरवत बसायचो, की समोरच्या घरातल्या बाईंनी सौ.ला एकदा काळजीने चौकशी केली.

हीच अडचण १९४१ च्या आधी खुद्द लिरॉय ग्रुमन यांच्यासमोर होती. कंपनीचे मालक, स्वतः इंजिनिअर, जुने नौदल वैमानिक. त्यांनी ती आकृत्यांनी सोडवली नाही. एक खोडरबर घेतला, ते विमानाचे अंग. दोन कागदाच्या क्लिपा घेतल्या, ते पंख. क्लिपेचे आखूड टोक वाकवून खोडरबरात खोचायचे, फिरवून बघायचे, नाही जमले तर काढून वेगळ्या कोनात खोचायचे. असे करत करत एक तिरपा कोन असा सापडला की क्लिप एकाच हिसक्यात फिरून खोडरबराच्या अंगालगत येऊन पडली. पुढे याच कंपनीच्या हेलकॅट आणि अॅव्हेंजर या विमानांत तोच सांधा आला, आणि आजच्या हॉकआय या नौदलाच्या टेहळणी विमानातही तोच आहे.

ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. या विमानाकडे मी वळलो त्यामागे तीच होती. आणि तरीही, मूर्खपणाची कमाल बघा, दीड महिन्यात स्वतः एकदा खोडरबर हातात घेऊन बघावा, हे मला सुचले नाही. ती गोष्ट मी गोष्ट म्हणून ऐकली होती. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी चित्रपटाचा कॅमेरा हातांनी घडवला, त्या गावात राहून मी संध्याकाळभर आकृत्या काढत होतो.

भाद्रपदातल्या एका दुपारी नातीची कंपासपेटी टेबलावर उघडी पडली होती. मी तिचा खोडरबर घेतला, देवघराजवळच्या डब्यातून एक यू-पिन घेतली, वाकवली आणि खोचली. पहिल्या चार-पाच वेळा चुकली. मग एकदा पिनेचे टोक मागे, बाहेर आणि वर, असे तिन्हीकडे सारखेच झुकलेले खोचले गेले आणि पिन फिरवताच ती गपकन खोडरबराच्या कुशीत येऊन उभी राहिली. मी ती पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. किती वेळा केले ते मोजले नाही.

कोड्याची फोड त्यानंतर झाली, तीही नातीच्याच लुडोच्या फाशाने. फासा दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, अंगठा आणि तर्जनीत, पकडावा आणि एक तृतीयांश फेरा द्यावा: वरची बाजू शेजारी जाते, शेजारची समोर येते, समोरची वर जाते. तिन्ही बाजूंची एकाच फिरकीत अदलाबदल. ढोबळ हिशेबाने ग्रुमनचा पंख हेच करतो. बाहेर गेलेले टोक मागे येते, पुढची कड खाली जाते, वरची बाजू बाहेर होते, आणि हे सगळे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या एका तिरप्या काडीभोवती. हे मला डोक्याने कळायच्या आधी बोटांना कळले होते, आणि बोटांना कळल्यावर डोके मागाहून हिशेब जुळवत आले. पॅटर्नशॉपमध्येही बहुतेक वेळा असेच व्हायचे, फक्त ड्रॉइंगवर सही डोक्याची असायची.

खोडरबराबरोबर आगपेटीतल्या काड्यांचीही आठवण काढायला हवी. जिमी थॅच नावाचा नौदलातला एक तुकडीप्रमुख १९४१ साली, कॅलिफोर्नियात कोरोनॅडो इथल्या घरी, रात्री जेवणाच्या टेबलावर काड्या मांडून बसे. झीरो आपल्या विमानापेक्षा चपळ आहे, हे त्याला अहवालातून कळले होते. आता कमी चपळ विमानाने जगायचे कसे, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर काड्यांनी असे दिले: दोन जोड्यांनी शेजारी-शेजारी, मध्ये अंतर ठेवून उडायचे, आणि एकीच्या पाठीवर शत्रू आला की दोघींनी एकमेकींकडे वळून कात्री घालायची, म्हणजे पाठलाग करणारा आपोआप दुसरीच्या बंदुकांसमोर येतो. नंतर त्याने हे खऱ्या विमानांवर तपासले. हल्लेखोराच्या भूमिकेत होता बुच ओ’हेअर, ज्याच्या नावाचा विमानतळ आज शिकागोत आहे. ४ जून १९४२ रोजी मिडवेला, यॉर्कटाउन नौकेवरून सहा वाइल्डकॅट घेऊन निघालेल्या थॅचने ही वीण पहिल्यांदा लढाईत घातली. तो स्वतः वाचला आणि त्याने झीरोही पाडले. पण ज्या बारा टॉर्पेडो विमानांच्या रक्षणासाठी तो गेला होता, त्यांतली दोनच आपल्या ताफ्यापर्यंत परतली. त्याच सकाळी दुसऱ्या एका नौकेची पंधरा टॉर्पेडो विमाने सगळीच्या सगळी पडली. त्यांतल्या तीस माणसांपैकी एक वाचला. त्या दिवशी जपानच्या चार विमानवाहू नौका कामी आल्या, आणि तिसऱ्या दिवशी यॉर्कटाउनही बुडाली.

हे सगळे ठाऊक असताना मी एवढ्या प्रेमाने नेमके काय बांधत होतो, हा प्रश्न मला पडला नाही असे नाही. सहा बंदुकांची भोके टाचणीने पाडताना विशेष पडला. आधीच्या आवृत्तीत चार बंदुका आणि प्रत्येकीला ४५० गोळ्या होत्या. या आवृत्तीत बंदुका सहा झाल्या, पण प्रत्येकीच्या वाट्याला २४० आल्या, म्हणजे सलग झाडल्या तर वीस सेकंदांचा सुद्धा दारूगोळा नाही. वैमानिकांना ही अदलाबदल मुळीच आवडली नव्हती. त्या काळी युद्ध आणि खेळणे यांच्यात आजच्याएवढे अंतरही नव्हते. १९४२ च्या सुरुवातीस अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या, सैनिकांना आकारावरून शत्रू ओळखायला शिकवण्यासाठी. लाकडी, एकास बहात्तर प्रमाणातल्या. कुठल्याशा शाळेच्या सुतारशाळेत एखाद्या पोराने झीरोचा पंख कानसताना जिभेचे टोक बाहेर काढले असेल, आणि त्याच पंखाकडे बघून दुसऱ्या कुणी गोळी झाडायला शिकले असेल. मी या प्रश्नाशी फार वेळ थांबलो नाही. थांबलो असतो तर भोके वाकडी झाली असती.

पंखांचे सांधे मी शेवटी यू-पिनेच्या तारेचेच केले. तार पुठ्ठ्याच्या बरगडीत तिरपी घातली, कोनासाठी लाकडाचा एक छोटा जिग, म्हणजे तार ठरल्या कोनात धरणारा ठोकळा, केला (सवय जात नाही), आणि नवरात्राच्या तिसऱ्या माळेला डावा पंख पहिल्यांदा फिरला. खऱ्या एफ४एफ-४ चे पंखही यंत्राने नव्हे, हातानेच दुमडत. आधीच्या नमुन्यात बसवलेली हायड्रॉलिक यंत्रणा वजनापायी काढून टाकली होती, आणि डेकवरचे खलाशी ते धरून मागे नेत. मीही टोक दोन बोटांत धरून नेला. पुढची कड खाली गेली, निळी-करडी पाठ बाहेर आली, आणि पंख शेपटीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सौ.ने मशीन थांबवले नाही, पण पाय हळू केला.

उजवा पंख अजून दोन मिलीमीटर खाली राहतो. जिग उलटा धरला गेला होता. गिऱ्हाइकाचे काम असते तर मी ते परत केले असते. तूर्त विमान पंख मिटून शिवणयंत्राच्या खणात बसते, कारण तेवढीच तेरा-साडेतेरा सेंटिमीटरची जागा तिथे मोकळी आहे. आणि खोडरबर मी त्याच दुपारी कंपासपेटीत परत ठेवला होता, पण ते लपले नाही. “आबा, माझ्या खोडरबराला भोकं कुणी पाडली? बघितलासा काय?” मी तिला खोडरबर, यू-पिन आणि फासा घेऊन बस म्हटले. ती बसली, एकदा फिरवून बघितली, दुसऱ्यांदा बघितली, आणि मग पिन काढून घेऊन म्हणाली की दुसऱ्या बाजूला पण एक पाहिजे, एका पंखाचं विमान असतंय होय.